बावेचं पाणी आणि धर्माचं लग्न

माझ्या दिराचं, धर्माचं, लग्न जुळता जुळता मोडलं ते एका तांब्याभर पाण्यापायी.

मी गोटीरामाची बायको होऊन ह्या घरात आले तेव्हा धर्माला स्वतःचं नाकही पुसता येत नव्हतं. सासू आधीच गेलेली, सासऱ्यांचं सगळं लक्ष मिठागरात. त्यामुळे त्याला न्हाऊ घालण्यापासून पाठीत धपाटे घालण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच आलं. लोक म्हणतात, गोजरानं दिराला पोटच्या पोरासारखा वाढवला. मी कसली वाढवते! तो आपोआप वाढला, मी फक्त ओरडले. मिशी फुटली, आवाज फुटला, तरी भूक लागली की अंगणातूनच 'वयनी' अशी हाक मारायची त्याची सवय काही गेली नाही.

आमचं गाव खाडीच्या काठी, कोपरखैरण्यापासून पायी जायच्या अंतरावर. आता त्या सगळ्याला नवी मुंबई म्हणतात. तेव्हा तिथं नवीही काही नव्हतं आणि मुंबईही नव्हती. चीनची लढाई होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. पावसाळ्यात आम्ही भात लावायचो आणि उन्हाळ्यात मीठ पिकवायचो. चहूकडे खारंच खारं, आणि गावाच्या मधोमध गोड्या पाण्याची एकच बाव. विहिरीला आमच्यात बाव म्हणतात आणि गोड्या पाण्याला गोरं पाणी. त्या पाण्याचा आम्हाला भारी गर्व होता. आमच्या गावात मुलगी द्यायला लोक तयार असायचे ते आमची तोंडं बघून नाही, बाव बघून.

खाऱ्या जमिनीत राबणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. हत्याराला खारं पाणी लागलं की ते गेलंच समजायचं. म्हणून आमच्याकडे शेतातून, मिठागरातून येणारा प्रत्येक गडी आधी बावेवर जायचा, फावडं-कोयता गोड्या पाण्यानं धुवायचा, पुसायचा, आणि मगच घरी यायचा. हत्यार तसंच ठेवून आपण जेवायला बसायचं नाही, असं माझे सासरे सांगायचे. बावेभोवतीची फरशी फार जुनी आणि आत खचलेली. धुतलेलं पाणी तिच्या फटींतून झिरपून परत बावेतच जायचं. जाणार काय, थोडी माती आणि थोडं मीठ. त्यानं पिढ्यान्‌पिढ्या कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या वर्षी श्रावणात पावसानं ओढ दिली आणि खाचरांत भातापेक्षा तणच जास्त माजलं. तेव्हा आमचे ग्रामसेवक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, तालुक्याहून एक पितळी पंप आणि तण मारायचं औषध घेऊन आले. भाऊसाहेब घाटावरचे, मनानं चांगले, फक्त चिखलात पाय टाकताना देवाचं नाव घ्यायचे. पंप कुणाच्या पाठीवर द्यायचा असं त्यांनी विचारलं आणि धर्मा कुणाच्याही आधी उठून उभा राहिला.

झालं. नवरदेवानं बाशिंग मिरवावं तसा तो पंप मिरवू लागला. गावातल्या एकूणएक खाचरात त्यानं फवारलं. आणि खोटं कशाला बोलू, औषध होतंच तसं जबर. भाताला काही होत नव्हतं, पण माका आणि असलंच रुंद पानांचं तण दोन-चार दिवसांत पिळवटून निघायचं. पानं दुमडायची, देठ कुत्र्याच्या शेपटीसारखे वाकडे व्हायचे आणि मग सगळं वाळून जायचं. वाकून वाकून तण उपटणाऱ्या आम्ही बायका, आमच्या कंबरांनी त्या पंपाला दुवा दिला. मी तर त्याला हळदकुंकू लावलं होतं.

आणि रोज संध्याकाळी धर्मा तो पंप बावेवर आणायचा. आतलं उरलंसुरलं फरशीवर ओतायचा, राखेनं घासायचा, खळखळून धुवायचा, परत धुवायचा.

"बायको आल्यावर तिना येवरा जपशील काय रं?" शेजारची सखू त्याला चिडवायची. सखूला तेव्हा दिवस गेले होते, आणि तिची जीभ आधीपासूनच जड नव्हती.

"तिना याच्यापेक्षा जास्त," धर्मा म्हणायचा आणि लाजून आणखी जोरात घासायचा.

कारण बायको कोण हे त्यानं मनात ठरवून टाकलं होतं. चैत्रात महाप्याच्या जत्रेत त्यानं काशीला पाहिलं होतं. ती कासाराशी बांगड्यांवरून भांडत होती. आमचा वेडा तिच्या बाजूनं भांडायला गेला, तर तिनं ह्यालाच झापलं. त्या रात्री घरात निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या माशांचं, कालवण होतं आणि धर्मानं ते तसंच ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. मीच पुढाकार घेऊन निरोप धाडले. काशीचा बाप नामदेव तयार होता, पण त्याच्या तयारीला काही किंमत नव्हती. काशीला आई नव्हती. तिला वाढवली होती तिच्या आत्यानं, चंद्राबाईनं; नवरा गेल्यावर ती काशीला घेऊन महाप्याला भावाकडेच राहायला आली होती, आणि शब्द चालायचा तो तिचाच. चंद्राबाई धवलारीण होती. आमच्यात लग्नाला धवलारीण लागते. ती धवले गाते, त्या गाण्यांनीच लग्न लागतं. पंचक्रोशीतल्या कितीतरी जणांची लग्नं तिच्या गळ्यानं लागली होती. माझंसुद्धा.

दसरा झाला की चंद्राबाई घर बघायला येणार असं ठरलं.

पण भादव्यापासूनच बावेच्या पाण्याला कसलातरी वास यायला लागला होता. आधी थोडा, मग जास्त. पाणी तापवलं की तर नाकाशी नेववत नव्हतं. कुणाच्या पोटात ढवळायचं, ते पाण्यानं की पाण्याच्या धास्तीनं, कोण सांगणार? ठाण्याच्या रस्त्याला नवा कारखाना उभा राहत होता, सगळ्यांनी बोट त्याच्याकडे दाखवलं. कारखान्याचे दिवस पुढे यायचे होते, आणि ते आलेही. पण तेव्हा बिचाऱ्याच्या भिंतीसुद्धा पुऱ्या झाल्या नव्हत्या. म्हाताऱ्यांनी गावदेवीचा कोप म्हणून सांगितलं. आम्ही नाक मुरडत तेच पाणी पीत राहिलो. दुसरं होतं कुठं?

दसऱ्याला हत्यारांची पूजा. त्या दिवशी सगळा गाव बावेवर हत्यारं धुवायला जमला आणि आमच्या धर्मानं पंपाला असं न्हाऊ घातलं, जसं बारशाला पोराला घालतात. नोझल काढून, नळी काढून, सगळं सुटं करून, तळाशी चिकटलेलं औषधसुद्धा काडीनं खरवडून. मग झेंडूची माळ घालून पंप माळ्यावर ठेवला.

त्यानंतर दोन दिवसांनी चंद्राबाई आली.

मी घर सारवलं होतं. माठात वास लपावा म्हणून वाळ्याची जुडी टाकली होती. धर्मा नवा सदरा घालून ओटीवर असा बसला होता, जणू त्याचा फोटोच काढणार आहेत. चंद्राबाई आली, तिच्यामागून नामदेव. तिनं घर बघितलं नाही, कणगीत हात घातला नाही, शेत किती, मिठागर किती, काही विचारलं नाही.

"मना पानी दे, बाय," ती म्हणाली. "चा नको. बावेचं पानी दे."

मी तांब्या दिला. तिनं एक घोट घेतला आणि तसाच तोंडात धरला. मग शांतपणे उठली, अंगणात गेली आणि थुंकली.

"दवाखान्यात फरशी पुसतान ना, तसा वास येतंय," ती म्हणाली. "वाला टाकून झाकतेस काय, गोजरा?"

मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी कारखान्याचं सांगायला लागले, पण तिनं हात वर केला.

"माजं ऐक. मना दिली व्हती खाडीच्या तोंडाला. गावान सगल्या बावी खाऱ्या. जनमभर लांब पल्ल्यावरून पानी आनलं. पोटात पोर असतानी आनलं, पोर गेलं त्या दिसाला पन आनलं. काशी माज्या घरान आली, तवाच मी बोल्ले, हिना गोऱ्या पान्याच्या गावान देईन. पोरगा चांगला हाय तुजा. पन पानी नाय, तं पोर नाय."

आणि ती गेली. चहा तसाच चुलीवर राहिला. नामदेव जाताना दहादा मागं वळून बघत होता, जसं काही त्याच्याच हातून गुन्हा घडला.

धर्मा ओटीवरून उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं आता हा रडणार, पण तो रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "ज्यानं बाव नासवली ना, त्याला मी बावेन उलटा टांगीन! आख्ख्या गावाम्होरं टांगीन!"

मग त्यानं शोध सुरू केला. कारखान्यावर गेला आणि तिथल्या पहारेकऱ्याशी भांडून आला. पंढरीच्या म्हशी बावेजवळ बसतात म्हणून पंढरीशी भांडला. पंढरी हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, त्यानंही त्याला दोन ठेवून दिल्या. मग दोर बांधून स्वतः बावेत उतरला. वर येताना एक फुटकी कळशी, सखूच्या पलीकडे राहणाऱ्या सगुणाबाईचा हरवलेला डाव आणि एक चप्पल घेऊन आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मलाही ते उमगलं नव्हतं. मी त्याला जेवायला वाढत होते आणि बाव नासवणाऱ्याला त्याच्याबरोबर शिव्या देत होते.

कळलं ते तुळशीमुळे.

मी सकाळी तुळशीला पाणी घालायला गेले. चार-पाच दिवस ती मलूल दिसत होती. त्या दिवशी नीट बघितली. कोवळी पानं दुमडून गुंडाळली होती आणि शेंडा पिळवटून खाली वाकला होता. शेजारी सखूची तुळस तशीच. पलीकडे सगुणाबाईची तशीच. सगुणाबाई तर डोकं धरून बसली होती. देवी कोपली, कोंबडा द्यायला पाहिजे, असं म्हणत होती. मी मात्र जागच्या जागी थिजले. असलं वाकणं मी आधी बघितलं होतं. खाचरातला माका अगदी असाच वाकला होता, आणि तेव्हा मीच हौसेनं त्या पंपाला हळदकुंकू लावलं होतं.

मी घरात आले. गोटीराम आणि धर्मा न्याहारीला बसले होते. मी धर्माचा कान धरला आणि त्याला तसाच तोंडातल्या घासासकट तुळशीपुढे आणून उभा केला.

"बग," मी म्हणाले. "नीट बग. काय दिसतंय?"

तो बघत राहिला. मग खाली बसला. त्यानं वाकलेला शेंडा बोटानं सरळ करून बघितला आणि सोडून दिला. मग त्यानं बावेच्या दिशेला बघितलं. मला काहीच सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा असा झाला की, मी कान उगाच धरला असं मला वाटलं.

गोटीराम मागून आला होता. त्यालाही कळलं. माझा नवरा वाईट माणूस नव्हता, पण भावावर त्याचा जीव होता आणि जीव असला की माणूस आधी दार लावून घेतो. त्यानं आम्हाला आत ओढलं आणि खरंच दार लावलं.

"गप ऱ्हा दोगंव," तो हळू आवाजात म्हणाला. "पंप आता माल्यावर गेला. पानी हलूहलू आपसुक सुदरंल. कुनाला काय कललं नाय. सांगलास तं गाव थुंकल तुज्यावर, धर्मा. आनि काशीचं तं जाऊच दे, ज्यानं गावाचं पानी नासवला, त्याला कोन पोर देल? जनमभर असाच ऱ्हाशील."

गोटीराम चुकीचं बोलत नव्हता. मीही दाराची कडी काढली नाही. मला धर्माचं लग्न बघायचं होतं. माझ्या हातानं त्याला हळद लावायची होती.

धर्मानं न्याहारीचा खरकटा हात पुसला. मग म्हणाला, "सखूच्या पोटान पोर हाय, दादा."

एवढंच म्हणाला आणि दार उघडून बाहेर गेला.

संध्याकाळी गावदेवीच्या देवळापुढे सगळे जमले. भाऊसाहेबांनाही बोलावणं धाडलं होतं. धर्मा मध्ये उभा राहिला. हात कुठं ठेवावे हे त्याला कळेना, ते त्यानं शेवटी पाठीमागे धरले.

"बाव मी नासवली," तो म्हणाला. "पंप मी बावेवर धुतला. दवा पान्यान गेली."

सखूनं पोटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. तो हात मी कधी विसरणार नाही. मग ओरडा सुरू झाला. कुणी त्याच्या अंगावर धावून गेलं, कुणी त्याच्या मेलेल्या आईला मध्ये आणलं. आणि त्या गोंधळात पंढरी मागून मोठ्यानं म्हणाला, "आरं पन मंग आता उलटा टांगाचा कोनाला?"

आधी एक जण हसला, मग दोघं, मग सगळा गाव. हसताना सगुणाबाईला ठसका लागला, आणि तिला द्यायला चांगलं पाणी नाही हे ध्यानात येताच सगळ्यांचं हसू तिथंच थांबलं.

भाऊसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अरे, पंप पिण्याच्या विहिरीवर धुतलास?"

"मंग खय धुनार, भाऊसाहेब?" धर्मानं विचारलं. "खाऱ्यान?"

भाऊसाहेब खाली बसले. त्यांच्या गावाकडे पंप रानातच, बांधावर धुवायचे. ते सांगायला हवं असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. सांगायला विसरलो ही चूक माझी, असं त्यांनी सगळ्यांपुढे कबूल केलं. मग म्हणाले, हे पाणी आता थेंबभरही प्यायचं नाही, त्यात रांधायचंही नाही. फरशी उखडायची, बाव उपसायची, भरली की परत उपसायची, वास जाऊन तालुक्याहून पाणी तपासून येईपर्यंत. तोवर पाणी बाहेरून आणायचं.

बाहेरून म्हणजे कुठून? चांगलं गोडं पाणी होतं ते महाप्याला, डोंगराच्या पायथ्याशी. काशीच्या गावात. बायकांच्या डोक्यावरून रोज एवढ्या लांबून गावभराचं पाणी येणं शक्य नव्हतं.

"मी आनीन," धर्मा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आमची बैलगाडी पिंपं आणि हंडे घेऊन निघाली. पाणी शेंदायला मी आणि आणखी दोघी. महाप्याच्या बावेवर चंद्राबाई आमच्या आधी येऊन उभी होती. बातमी बैलांपेक्षा पुढं धावली होती.

"सोताची बाव नासवलीस," तिनं धर्माला विचारलं, "आनि आता आमची नासवाला आलास?"

"हात धुवून आलोय, आत्या," धर्मानं दोन्ही तळवे तिच्यापुढे धरले. "राखेनं धुतलान. बगा."

चंद्राबाईनं खरंच वाकून वास घेतला. मग बाजूला झाली. तिचा चेहरा काही सैल झाला नाही, पण तिनं आम्हाला पाणी भरू दिलं. काशीही तिथंच होती. ती तिची कळशी भरायचं सोडून आमचा पोहरा ओढायला लागली.

"पंप खय हाय?" तिनं धर्माकडे न बघता विचारलं.

"माल्यावर."

"तिथच ऱ्हाऊ दे."

एवढंच बोलणं. पण परतीच्या वाटेवर आमचा गाडीवान धर्मा बैलांना गाणी ऐकवत होता.

गावात गाडी आळीत शिरत नसे. मग धर्मा एकेक हंडा खांद्यावर घ्यायचा आणि दारोदार पोचवायचा. आधी सखूच्या दारात, मग म्हाताऱ्यांच्या, मग बाकीच्यांच्या. आमच्याकडे पुरुष पाणी वाहत नाहीत. नांगर धरतील, मिठाची पोती वाहतील, पण पाण्याचा हंडा खांद्यावर घेतला तर मिशी गळून पडते की काय कोण जाणे. पंढरीच्या ओट्यावर बसलेले गडी त्याला 'धर्माबाय' म्हणू लागले. एकानं तर त्याला बायका डोक्यावर हंड्याखाली ठेवतात ती चुंबळ आणून दिली. धर्मानं ती घेतली, खांद्यावर ठेवली आणि म्हणाला, "बरा झाला, टोचत व्हता." त्यानंतर चेष्टेला तेवढी धार राहिली नाही. हळूहळू कुणाचाही हंडा दिसला की त्याचे हात आपोआप पुढे व्हायला लागले.

दिवाळी आली आणि गेली. एकदा महाप्याला मी पोहरा शेंदत होते आणि धर्मा गाडीवर पिंपं भरत होता. तेवढ्यात चंद्राबाई स्वतःचा हंडा भरून डोक्यावर घेऊन निघाली. ती धर्माजवळून गेली. धर्मानं बघितलंही नाही कोण आहे ते. सवयीनं हात वर केले, तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून खांद्यावर घेतला आणि विचारलं, "कंच्या दारान ठेवू?"

चंद्राबाई तिथल्या तिथं उभी राहिली. डोक्यावर नुसती चुंबळ. तिचे दोन्ही हात अजून वर, हंडा धरल्यासारखे. धर्माला कळलं तेव्हा तो घाबरला, पण हंडा काही खाली ठेवला नाही, चालत जाऊन तिच्या दारात ठेवून आला.

तोवर चंद्राबाई बावेच्या कठड्यावर बसली होती. लग्नाच्या मांडवात जिचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा, ती बाई पदर तोंडात धरून रडत होती. मी जवळ गेले.

"सासरा व्हता माजा," ती म्हणाली. "नवरा व्हता. दोन दीर व्हते, दांडगे. चालीस वर्सं पानी आनलं, गोजरा. कुनी माज्या डोक्यावरचा हंडा खाली घेतला नाय. येकदा पन नाय." तिनं डोळे पुसले. "बाव काय, आज गोरी, उद्या खारी. पोर तुमची. ज्या घरान असा गडी हाय, त्या घरान माजी काशी सुकान ऱ्हाईल."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी पोहरा बावेत सोडला तो जरा जोरातच. कारण मी ह्या घरात आले त्या दिवसापासून पाणी मीच आणत होते. दोन्ही पोरं पोटात असताना, तापात, चिखलात. आणि धर्मा, माझा लाडका, माझ्या हातचं पिऊन वाढलेला धर्मा, तोही ओटीवर बसून बघायचा आणि 'वयनी, भूक लागली' म्हणायचा. त्यानंही कधी माझा हंडा उतरवला नव्हता. पण हे चंद्राबाईला सांगून मी जमलेलं लग्न थोडीच मोडणार होते?

परतताना गाडी गावाजवळ आल्यावर मी त्याला म्हणाले, "चंद्राबाय हो बोल्ली."

त्यानं बैलांचे कासरेच सोडून दिले. मी ते धरले.

"नाचू नको. आदी ऐक. तू बायकांचा हंडा उतरवतोस, म्हनून ती हो बोल्ली. तू माजा कदी उतरवलास?"

घर येईपर्यंत तो बैलांच्या शिंगांकडेच बघत बसला. मीही त्याला समजावायला गेले नाही, बसू दे म्हटलं विचार करत.

मार्गशीर्ष संपता संपता बाव निर्मळ झाली. तालुक्याहून तपासून आलं आणि भाऊसाहेबांनी पहिला पेला स्वतः प्यायला. सखूला मुलगी झाली, धडधाकट. तिच्या रडण्यानं अर्धी आळी जागी व्हायची, आणि तो आवाज ऐकून मी देवीला नारळ फोडला. माघात लग्न झालं. हळद मीच लावली. धवले चंद्राबाईनं गायले, आणि असे गायले की मांडवातले पुरुषही गप्प बसले.

लग्नाचे पाहुणे गेल्यावर मी आणि काशी पहिल्यांदा दोघी मिळून पाण्याला गेलो. परत येताना पंढरीच्या ओट्यावर सगळे गडी बसलेले, आणि त्यांच्यात आमचा नवरदेव, हातावर हळदीचा रंग तसाच. गावाची बाव आता मोकळी झाली होती, धर्माची शिक्षा संपली होती. आम्हाला येताना बघून गडी त्याला कोपरानं ढोसायला लागले. मी काशीला म्हटलं, चल पुढं, बघू नको तिकडं.

पण धर्मा ओट्यावरून खाली उतरला आणि सरळ आमच्याकडे आला. काशीनं हसून मान जरा खाली केली, हंडा द्यायला. तो तिच्यापाशी थांबला, तिला हळूच काहीतरी म्हणाला, आणि पुढे होऊन माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवला.

"तुजा पयला, वयनी," तो म्हणाला. खाली मान घालून म्हणाला.

मागून काशी तिचा हंडा घेऊन हसत चालत होती. मी भर रस्त्यात, सगळ्या गावादेखत रडले, आणि घर येईपर्यंत धर्माला शिव्या देत राहिले.